ग्रामसभा 'नाही' म्हणाली, तर पुढे काय?

पायवाट (धागाकर्ता)

परवा बंदराच्या धाग्यावर एक वाक्य वाचलं: आपल्याकडे कायदे आदिवासींच्या इतके बाजूने आहेत की एक ग्रामसभा हजारो कोटींचा प्रकल्प अडवू शकते. त्याखाली भराभर '+१' पडले. तो धागा भरकटायला नको म्हणून हा वेगळा काढतोय.

अडवू शकते का? उदाहरण म्हणून सगळे नियमगिरीचं नाव घेतात, तर तेच नीट पाहू. ओडिशात रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा डोंगर. माथ्यावर बॉक्साइट, उतारावर डोंगरिया कोंध लोकांच्या वस्त्या. डोंगराचा धनी नियमराजा, म्हणजे त्यांचा देव. पायथ्याशी लांजीगडला वेदान्त कंपनीचा अ‍ॅल्युमिनाचा कारखाना आधी उभा राहिला आणि माथ्यावरच्या खाणीची वनपरवानगी मिळायचीच होती. हा क्रम लक्षात ठेवा, कारण तो नेहमीचा आहे. कारखाना उभा असला की 'एवढा पैसा अडकलाय, आता माघार कशी घ्यायची' हा युक्तिवाद आयता मिळतो.

२०१० मध्ये सरकारनेच नेमलेल्या सक्सेना समितीच्या अहवालानंतर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खाणीला वनपरवानगी नाकारली. ओडिशाचं खाण महामंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८ एप्रिल २०१३ ला निकाल आला: या डोंगरावर लोकांचे कोणते हक्क आहेत, देवाचा प्रश्न कसा सोडवायचा, हे ग्रामसभांसमोर ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये १२ गावांत सभा झाल्या, प्रत्येक सभेला न्यायाधीश निरीक्षक म्हणून हजर. बाराच्या बारा गावांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने खाणीवर फुली मारली. २०१६ मध्ये राज्याने पुन्हा सभा घेऊ द्या म्हणून न्यायालयात धाव घेतली, तीही फेटाळली गेली.

आता यातलं काय विसरलं जातं ते सांगतो. डोंगराच्या आसऱ्याने राहणाऱ्या वस्त्या शंभराच्या घरात. त्यातल्या १२ सरकारने निवडल्या. सभा भरली ती न्यायालयाने भरवली म्हणून. जंगलावर जगणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा २००६ चा, अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा. दोन्ही असताना सरकार आपणहून विचारायला गेलं नाही. दहा-बारा वर्षं लोक रस्त्यावर, मग दिल्लीत वकील, मग लंडनमध्ये भागधारकांच्या सभांबाहेर निदर्शनं, तेव्हा कुठे एक प्रश्न गावाला विचारला गेला. त्यामुळे 'एक ग्रामसभा प्रकल्प अडवते' हे वाक्य मला फसवं वाटतं. ग्रामसभा अडवते ती तिला खरोखर विचारलं तर. आणि सगळी यंत्रणा राबते ती खरोखर विचारावं लागू नये म्हणून.

मोबदला किती, नोकऱ्या किती, यावर इथे भरपूर लिहून झालंय. मला त्याच्या आधीच्या पायरीबद्दल बोलायचं आहे. विचारताना 'नाही' हे उत्तर चालणार आहे असं धरून विचारतात का? ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांनी लिहावं. सिद्धान्त नकोत, तो माझ्याकडेच जरा जास्त आहे.

मी_अभियंता

लेख आवडला, निष्कर्ष पटला नाही. मी आयुष्यभर वीजनिर्मितीत काम केलं. कोळसा, लोखंड, बॉक्साइट जमिनीखाली जिथे आहे तिथेच आहे आणि ते नेमकं आदिवासी पट्ट्यात आहे. प्रत्येक गावाला नकाराधिकार दिला तर तुमच्या-माझ्या घरातला पंखा कशावर फिरणार? शिवाय २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला मिळतो. चौपट! शहरात माझी जमीन रस्त्यात गेली तर मला इतकं मिळणार नाही. पारदर्शकपणे पैसे द्या, पुनर्वसन नीट करा, हा मुद्दा मान्य. पण 'नाही' म्हणण्याचा हक्क हे जरा अति होतंय.

जुना_वकील

अभियंतासाहेब, 'चौपट' या शब्दावर थोडं थांबू. चौपट कशाच्या? बाजारभावाच्या. बाजारभाव काढतात आसपासच्या खरेदीखतांवरून किंवा शीघ्रसिद्ध गणकावरून (सरकारी दरपत्रकावरून). महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ खाली आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीवाचून विकता येत नाही. हा निर्बंध हवाच, तो नसता तर १९७४ चा जमीन परत करण्याचा कायदा आणायची वेळ आली तशी पुन्हा आली असती. पण त्याचा परिणाम असा की त्या गावात बाजारच नाही. खरेदीखतं नाहीत, असली तर कवडीमोलाची. कवडीची चौपट चार कवड्या.

त्यात मोहाची झाडं, तेंदूपत्ता, बांबू, नदीकाठची भाजी, गुरांचा चारा यांची किंमत खरेदीखतात नसतेच. सात-बारा ज्याच्या नावावर त्याला पैसे. जंगलावर जगणाऱ्याचा सात-बारा कुठे असतो? २०१३ च्या कायद्याने वनहक्कधारकाला बाधित कुटुंबात धरलं, हे खरं. पण आधी त्याचा वनहक्क मान्य झालेला हवा, आणि दावे वर्षानुवर्षं उपविभागीय समितीच्या कपाटात पडून असतात.

मी_अभियंता

बाजारभावाचा मुद्दा लक्षात आला, तो वजनदार आहे. मग सूत्र बदला. उत्पन्नावर काढा मोबदला. पण नकाराधिकार?

सातपुडी

सूत्र बदलून काय होतं ते आमच्याकडे पाहिलंय, म्हणून लिहिते.

सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली. सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, आताचा नंदुरबार जिल्हा. नर्मदा लवादाचा निवाडा १९७९ चा, आणि त्या काळाच्या मानाने फार चांगला होता बरं का. जमिनीला जमीन, कुटुंबाला किमान दोन हेक्टर, सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब, आणि बुडण्याआधी पुनर्वसन. कागद म्हणून आजही कुणी नावं ठेवणार नाही. मग बिघडलं कुठे? निम्मी शेती वनजमिनीवर. पिढ्यान् पिढ्या कसलेली, पण सरकारदप्तरी 'अतिक्रमण'. ज्याची जमीनच त्याची नाही, त्याला जमिनीला जमीन कुठली? हे मान्य करून घेण्यातच कितीतरी वर्षं गेली.

पाणी मात्र वेळेवर आलं.

दुसरी गोष्ट मोजमापात कधीच येत नाही. नर्मदा आमच्या लोकांना हद्द नव्हती. पलीकडे मध्य प्रदेश, खाली गुजरात, पण सोयरीक सगळी नदीच्या आरपार. होडीने बाजाराला जायचं, लग्नाला जायचं. पुनर्वसनात एक गाव इकडे तळोद्याला, त्यांचे व्याही गुजरातेत. कोणाला मोबदला मागायचा याचा?

आणि तळोद्याची वनजमीन पुनर्वसनाला दिली तेव्हा तिथे आधीपासून कसणारेही आदिवासीच होते. एका भावाचं पुनर्वसन दुसऱ्याच्या वावरात. भांडणं कुणाची झाली सांगायला नको.

जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर कर्ज मंजूर केलं होतं. लोकांनी मणिबेलीत पाण्यात उभं राहून जे सांगितलं ते बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये अहवालात लिहिलं, आणि मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज सोडून दिलं. तरी धरण थांबलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००० च्या निकालाने धरणाची उंची वाढवायला वाट दिली, १३८.६८ मीटर झाली, २०१७ मध्ये लोकार्पण. म्हणजे जगाने 'चूक झाली' म्हटलं तरी गावाला 'नाही' म्हणायची सोय नव्हती. पायवाटदादा विचारतायत ते हेच ना?

पायवाट

ताई, हेच. तुमचं 'पाणी मात्र वेळेवर आलं' हे वाक्य दोनदा वाचलं.

अभियंतासाहेबांच्या पंख्याबद्दल: २०११ च्या जनगणनेत आदिवासी ८.६ टक्के. स्वातंत्र्यानंतर २००० पर्यंत प्रकल्पांनी हलवलेल्या लोकांत आदिवासी जवळपास ४० टक्के, हा वॉल्टर फर्नांडिस यांचा अंदाज सरकारी अहवालांतही येतो. पंखा सगळ्यांच्या घरात फिरतो, घर मात्र त्यांचंच जातं.

तिरपा_डोळा

हे सगळे आंदोलनजीवी. परदेशातून पैसा येतो, इकडे विकास थांबतो. आदिवासीला खरं तर रस्ता आणि मोबाईल हवाय, त्याला जंगलात ठेवायचंय ते शहरातल्या पुस्तकी लोकांना.

संपादक

वरच्या प्रतिसादातली एक ओळ काढली आहे. मुद्द्यावर भांडा, माणसांवर नको.

वैनगंगाकाठ

तिरपाभाऊ, तुमच्या बोलण्यातलं अर्धं खरं आहे आणि ते मीच सांगतो. आमच्या गडचिरोलीत पोट्ट्यांना रस्ताही पाहिजे, मोबाईलही पाहिजे. सुरजागडच्या लोखंडाच्या खाणीवर माडिया आदिवासी पोरं कामाला आहेत, डंपर चालवतात, गणवेश घालतात. त्याच गावात दुसऱ्या घरी म्हातारा म्हणतो, डोंगर आमच्या ठाकूरदेवाचा, तिथे खोदायचं नाही. दोघेही खरं बोलतात. गाव एकमुखी असतं ही शहरातली समजूत.

पण क्रम पाहा ना बाप्पा. खाणपट्टा ३४८ हेक्टरचा, मंजूर २००७ मध्ये. वनहक्क कायदा तेव्हा संसदेत पास झालेला, पण खाणीच्या एटापल्ली तालुक्यातल्या गावात कोणी दावे घेऊन पोचलाच नव्हता. आधी पट्टा, मग हक्क. २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी वाहतुकीचे ट्रक जाळले. तेव्हापासून खाणीबद्दल बोलणारा माणूस कोणाचा, हा प्रश्न आधी विचारला जातो, काय म्हणतो ते नंतर. बंदोबस्त इतका, की ग्रामसभेत हात वर करायलाही माणूस आजूबाजूला बघतो. हात वर केला तरी इकडून संशय, नाही केला तरी तिकडून. पर्यावरणाची जनसुनावणी, कायद्याने प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ व्हायला पाहिजे. खाण वाढवायची सुनावणी झाली गडचिरोली शहरात. एटापल्लीच्या आतल्या गावातून तिथे यायचं म्हणजे मुक्कामाची तयारी लागते, आणि आल्यावर गेटावर नाव सांगायचं.

आता दुसरी बाजू. त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. ती काही कोणी पुस्तकातून आणलेली नाही. ऐंशीच्या दशकात इचंपल्ली आणि भोपालपट्टणम ही दोन धरणं येणार होती, इंद्रावती-गोदावरीच्या पट्ट्यात. लालश्यामशहा महाराज, बाबा आमटे यांच्यासोबत हजारो आदिवासी उतरले. 'मानव बचाव, जंगल बचाव' म्हणून ती चळवळ. धरणं मागे पडली. मेंढ्याचे लोक घरी आले आणि म्हणाले, धरण तर थांबलं, आता गाव आपण कसं चालवायचं? तिथून अभ्यासगट सुरू झाले, निर्णय सगळ्यांच्या सहमतीने, बहुमताने नाही. २००९ मध्ये १,८०० हेक्टरच्या वर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये केंद्राच्या मंत्र्यांनी येऊन बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात दिला. त्याच्या आधी हक्क कागदावर होता, पण बांबू नाक्यापुढे जात नव्हता.

तर माझं म्हणणं असं, की 'नाही' म्हणायची ताकद प्रकल्प आल्यावर तयार होत नाही. ज्या गावाची ग्रामसभा बांबूचा हिशोब ठेवते, तेंदूचा लिलाव स्वतः करते, त्या गावाला साहेब येऊन नुसता सही कर म्हणत नाही. बाकी गावांत साहेब रजिस्टर घेऊनच येतो.

मी_अभियंता

हा प्रतिसाद वाचून विचारात पडलो. मेंढ्याचं नाव ऐकलं होतं, धरणाचा संबंध माहीत नव्हता.

ओली_माती

रजिस्टरवरून आठवलं. छत्तीसगडमधलं हसदेव अरण्य. कोळशाचे साठे, वर घनदाट साल. तिथल्या गोंड-उरांव लोकांचं म्हणणं आहे की परसा खाणीसाठी ज्या ग्रामसभांचे ठराव दाखवले गेले, त्या सभाच झाल्या नव्हत्या. २०२१ च्या ऑक्टोबरात ते ३०० किलोमीटर चालत रायपूरला राज्यपालांना भेटायला गेले. त्याआधी, २०१६ मध्ये, घाटबर्रा गावाला मिळालेला सामूहिक वनहक्क रद्द केला गेला, कारण काय तर गाव त्याचा आधार घेऊन खाणीला विरोध करतं. हक्क दिला आणि वापरला म्हणून काढून घेतला! २०२२ मध्ये छत्तीसगड विधानसभेने हसदेवमधल्या खाणी रद्द कराव्यात असा ठराव एकमताने केला. पुढे झाडं तोडली गेलीच.

नियमगिरीच्या शेजारच्या सिजीमालीतही २०२३ च्या सभांबद्दल गावकरी हेच म्हणतात, की आमच्या सह्या आम्ही केलेल्या नाहीत. नियमगिरीतून गावांनी धडा घेतला तसा दुसऱ्या बाजूनेही घेतला असावा. सभा टाळता येत नाही ना, मग सभेचा कागद तयार करा.

वनहक्क नियमांप्रमाणे ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य हवेत आणि त्यात एक तृतीयांश बायका. हे बायकांचं कलम फार कामाचं आहे. बनावट सभेत बायकांच्या सह्या-अंगठे सगळ्यात आधी गडबडतात: माहेरी गेलेली, मेलेली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. पकडायचं असेल तर तिथून सुरुवात करावी.

उंटावरचा_शहाणा

अवांतर: मग अंगठे घेण्यापेक्षा सरळ व्हिडिओ का करत नाहीत सभेचा?

ओली_माती

करतात की काही गावं. मोबाईलचा हाच उपयोग, तिरपा डोळा यांना कळवा.

जुना_वकील

आता थोडा रूक्ष भाग, पण याशिवाय चर्चा अर्धवट राहील. 'कायदे इतके बाजूने आहेत' याचं उत्तर कलमांतच आहे.

पेसात भूसंपादनाआधी ग्रामसभेशी 'किंवा योग्य पातळीवरील पंचायतीशी' विचारविनिमय करायचा आहे. त्या 'किंवा'तून किती प्रकल्प निसटले याची गणती नाही, कारण जिल्हा परिषदेचा ठराव मिळवणं गावापेक्षा कितीतरी सोपं. खनिजाबद्दल पेसात ग्रामसभेची शिफारस लागते ती गौण खनिजाला: वाळू, मुरूम, दगड. लोखंड, बॉक्साइट, कोळसा ही मोठी खनिजं त्यात नाहीतच. म्हणजे मुरमासाठी गावाला विचारायचं आणि अख्खा डोंगर न्यायचा तर नाही.

२०१३ च्या कायद्याचं कलम ४१ चांगलं आहे. अनुसूचित क्षेत्रात संपादन शेवटचा पर्याय म्हणून, आणि ग्रामसभेची पूर्वसंमती घेऊन. पण त्याच कायद्याला चौथं परिशिष्ट आहे. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, अणुऊर्जा, कोळसाधारक क्षेत्रांचा १९५७ चा कायदा असे १३ कायदे त्यात बाजूला ठेवलेत. २०१५ मध्ये मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी त्यांना लागू झाल्या, संमतीची नाही. मोठे प्रकल्प कोणत्या कायद्याखाली येतात ते तुम्हीच पाहा.

वनजमिनीचं तसंच. २००९ मध्ये मंत्रालयाने परिपत्रक काढलं: वनजमीन वळवण्याआधी, म्हणजे दुसऱ्या कामाला देण्याआधी, वनहक्कांचं काम पुरं करा आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. २०१३ मध्ये रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा रेषीय प्रकल्पांना त्यातून सूट. २०२२ च्या नियमांनी तर केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता राज्याने नंतर बघायची, असा क्रम लावला. केंद्राची मोहोर बसलेला प्रकल्प कोणता जिल्हाधिकारी गावाच्या ठरावावर अडवेल?

याला एकच मोठा अपवाद सांगतो. १९९७ चा समता निकाल. आंध्रात अनुसूचित क्षेत्रातली जमीन खासगी खाणकंपनीला भाड्याने देणं सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं, कारण कंपनीही बिगर-आदिवासी 'व्यक्ती'च. त्या निकालाची व्याप्ती इतर राज्यांत किती, यावर वाद घालून वकिलांच्या दोन पिढ्यांनी पोट भरलं, त्यात मीही आलो.

उत्तरेकडचा

मी नॉर्वेत राहतो. 'आपल्याकडेच असं' असा सूर नको म्हणून इथलं लिहितो.

फोसेन भागात सामी लोक, म्हणजे इथले आदिवासी, रेनडिअर पाळतात. तिथे १५१ पवनचक्क्यांचा प्रकल्प झाला, मुख्य मालकी सरकारी वीजकंपनीची. गंमत म्हणजे ही खाण नाही, धरण नाही, हरित ऊर्जा आहे, आणि रेनडिअर त्या फिरणाऱ्या पात्यांच्या आसपास चरायला येत नाहीत. हिवाळी कुरण गेलं की कळप गेला. ११ ऑक्टोबर २०२१ ला इथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने सांगितलं की परवाने अवैध आहेत, सामींच्या संस्कृतीच्या हक्काचा भंग झाला. ११ न्यायाधीश, एकही विरोधात नाही.

आणि पवनचक्क्या फिरतच राहिल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत, निकालाला ५०० दिवस झाल्यावर, सामी तरुणांनी ओस्लोत मंत्रालयांची दारं अडवली, तेव्हा मंत्र्यांनी माफी मागितली. पुढे डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये तडजोडी झाल्या: पैसे, वाढीव कुरण, वीजेचा हिस्सा. चक्क्या जागेवर.

इतका श्रीमंत, इतका कायदा पाळणारा देश. तिथेही जे आधी बांधलं तेच जिंकलं. लांजीगडचा कारखाना आठवला की नाही?

सातपुडी

दादा, हे वाचून बरं वाटलं की वाईट, कळत नाहीये.

मी_अभियंता

उत्तरेकडचे यांच्या प्रतिसादातून मला एक व्यवहारी गोष्ट दिसते. अभियंत्याच्या भाषेत सांगतो. बांधून झाल्यावर थांबवणं हा सर्वांत महाग पर्याय. आराखड्यावर असताना जागा बदलणं सर्वांत स्वस्त. आम्ही जागेची पाहणी करताना खडक तपासतो, पाणी तपासतो, वाहतूक तपासतो. गावाची संमती यादीत सगळ्यात शेवटी, 'वैधानिक पूर्तता' या रकान्यात येते, तेव्हा यंत्रसामग्रीच्या ऑर्डरी गेलेल्या असतात. ती पहिल्या टप्प्यात आणली तर निदान पर्यायी जागा हाताशी असते. नकाराधिकार म्हटलं की माझा जीव अजूनही वरखाली होतो. पण इतक्या उशिरा विचारणं हे प्रकल्पाच्या हिशोबानेही वाईट आहे, एवढं मी लिहून देतो.

ग्रेट निकोबारचं काय मत आहे इथल्या जाणकारांचं? तिथे तर बंदर संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणतात.

पायवाट

ग्रेट निकोबारवर वेगळा धागा हवा, पण दोन ओळी. सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवायचं आहे, तिथले शोंपेन आदिवासी मोजके दोन-तीनशे, ज्यांचा बाहेरच्यांशी संबंधच कमी. तिथल्या निकोबारी आदिवासी परिषदेने आधी ना-हरकत दिली होती आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ती मागे घेतली. सुनामीनंतर हलवलेली त्यांची जुनी गावं याच जागेत येतात, हे त्यांना नीट सांगितलं नव्हतं असं त्यांचं म्हणणं. संमती दिली आणि मग खरी माहिती कळली, तर ती परत घेता येते का? मला वाटतं आलीच पाहिजे. प्रकल्पाचं काम मात्र पुढे सरकतंय.

संरक्षणाचा मुद्दा आला की प्रश्न विचारणंच संपतं, म्हणून तो फार वेळा येतो, एवढंच तूर्त.

उंटावरचा_शहाणा

माहितीपूर्ण धागा. पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण भांडणच झालं नाही नीट.

चिंचोका

मी इथे फारसं लिहीत नाही, वाचते. आमचा पाडा पेसा क्षेत्रात आहे, जिल्हा सांगत नाही. दोन महिन्यांपूर्वी ड्रोन फिरला, मग काही लोक खुंट्या ठोकून गेले, लाल रंग लावलेल्या. कोणी म्हणतं रस्ता, कोणी म्हणतं पाईपलाईन. कार्यालयात विचारलं तर 'वरून आलंय' एवढंच उत्तर. आमच्या पाड्याचा सामूहिक दावा अजून टाकलेलाच नाही. ग्रामपंचायत पाच पाड्यांची मिळून, सरपंच मोठ्या गावचे. पहिलं काय करायचं?

जुना_वकील

ताई, घाबरू नका आणि खुंट्या उपटू नका, त्यावरून गुन्हा दाखल करणं सगळ्यात सोपं असतं. फोटो मात्र काढून ठेवा, आजूबाजूची ओळखू येणारी खूण फोटोत येईल असे.

पहिला प्रश्न लेखी विचारा: ही मोजणी कोणत्या कायद्याखाली? माहितीच्या अधिकारात अर्ज, प्रांताकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन्हीकडे. उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. २०१३ च्या कायद्याखाली असेल तर मालकाच्या गैरहजेरीत मोजणी करता येत नाही, करायची तर ६० दिवसांची नोटीस लागते. महामार्गाच्या कायद्याखाली असेल तर हरकतीची मुदत वेगळी आणि छोटी आहे, ती चुकवू नका.

त्याच वेळी सामूहिक दावा. थांबायचं कारण नाही. वनजमिनीवरून प्रकल्प जात असेल तर दावा दाखल असणं हेच तुमचं पहिलं कुंपण, कारण वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे दाव्यांची प्रक्रिया पुरी होईपर्यंत वनजमिनीवरून हलवता येत नाही.

आणि तुमचा पाडा. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांत पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतं. पाड्यातल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यायचा. वेळ लागतो, पण पाच पाड्यांच्या सभेत तुमचा आवाज बुडणार असेल तर आजच सुरुवात करा.

पर्यावरण मंजुरी निघाली तर हरित लवादात अपील ३० दिवसांत. पुण्यात खंडपीठ आहे. उशीर झाला तर आणखी ६० दिवसांपर्यंत कारण दाखवून जाता येतं, त्यापुढे नाही.

वैनगंगाकाठ

आणि सभेचं इतिवृत्त त्याच दिवशी, तिथेच वाचून दाखवून, सह्या घेऊन बंद करा. खाली रिकामी जागा सोडू नका, रेघ मारा. ग्रामसेवक म्हणेल नंतर लिहितो. नाही म्हणा.

चिंचोका

दोघांचे आभार. दाव्यासाठी नमुना 'क' ना? आमच्याकडे जुना कागद एकही नाही. आणि जंगलाच्या एका बाजूला शेजारच्या पाड्याचीही वहिवाट आहे, त्यावरून दावा फेटाळतील का?

जुना_वकील

हो, सामूहिक वनसंपत्तीच्या हक्कासाठी 'क', निस्तार (जंगलातून रोजच्या गरजा भागवण्याचा हक्क) वगैरेंसाठी 'ब'. दोन्ही भरा. वनहक्क नियमांतल्या नियम १३ प्रमाणे वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात, फक्त तो वडीलधारा स्वतः दावेदार नको. त्याशिवाय जुनं स्मशान, देवाची जागा, पाणवठा, गुरं बसवायची जागा यांचे फोटो आणि हाताने काढलेला नकाशा. किमान दोन प्रकारचे पुरावे जोडा.

शेजारच्या पाड्यामुळे दावा फेटाळता येत नाही. दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून हद्द ठरवायची आणि आपापल्या ग्रामसभेत मांडायची, नाही जमलं तर उपविभागीय समिती बघते. शक्यतो आपसात जमवा. त्यांनाही खुंट्या दिसल्या असतीलच.

चिंचोका

दिसल्यात. रविवारी आम्ही दोन्ही पाडे मिळून बसतोय. नमुन्यात अडलं तर इथेच विचारते.